ग्लॅमर : मूळ अर्थ नजरबंदीचा

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात ‘ग्लॅमर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ म्हणजे झगमगाट, असे एका ओळीत उरकले आहे, पण मला या शब्दाचे कूळ त्याच्या अर्थाहूनही विलक्षण वाटते. हा शब्द स्कॉटलंडमधला असून तो चक्क ‘ग्रामर’ म्हणजे व्याकरण या शब्दाचे बदललेले रूप आहे. आपल्याकडे ‘रलयोरभेदः’ (‘र’ आणि ‘ल’ यांत भेद नाही) म्हणतात, तसाच येथेही ‘र’चा ‘ल’ झाला.

मध्ययुगीन युरोपात लिहितावाचता येणारी माणसे मोजकीच असल्याने लॅटिन पोथी वाचणाऱ्याला मंत्रतंत्रही येत असणार, असा सामान्यांचा समज होता आणि त्यामुळे ‘ग्रामर’ या शब्दाला गूढविद्येचा अर्थ चिकटला. फ्रेंचमधला मंत्रपोथीसाठीचा ‘ग्रिम्वार’ हा शब्दही याच कुळातला.

अठराव्या शतकातल्या स्कॉटिश लिखाणात एखाद्यावर ‘ग्लॅमर टाकणे’ म्हणजे त्याच्या डोळ्यांना नसलेले दाखवणे. याला मराठीत ‘नजरबंदी’ हा नेमका शब्द आहे. पुढे स्कॉटिश कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनातून ‘ग्लॅमर’ हा शब्द इंग्रजीत रुळला. सिनेतारकांना तो चिकटला विसाव्या शतकात. म्हणूनच त्याचे भाषांतर ‘झगमगाट’ऐवजी ‘मोहिनी’ असे करावे, असे मला मनापासून वाटते, कारण ‘मोहिनी घालणे’ यात ती जुनी जादू अजून शाबूत आहे.