बर्गर मुलाच्या हातात, बोट आईकडे

मॉलमधल्या फूड कोर्टात एखादी आई सात वर्षांच्या मुलापुढे बर्गर आणि फ्राइज ठेवते, तेव्हा आजूबाजूच्या नजरा बघा. कुणी काही बोलत नाही, पण निकाल लागलेला असतो. आळशी आहे, पैसे जास्त झालेत, घरी स्वयंपाक करायला नको. हाच निकाल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागतो, शाळेच्या गेटवर लागतो आणि लग्नकार्यात तर तोंडावर सुनावला जातो. हा निकाल बहुतेक वेळा अपुऱ्या माहितीवर दिलेला असतो. आणि तो बरोबर निघाला, तरी त्या मुलाच्या पोटात एक घास अधिक चांगला जात नाही.

आधी साधा हिशेब करू. शाळकरी मूल दिवसातून पाचेक वेळा खातं: सकाळचं दूध-नाश्ता, शाळेचा डबा, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण. आठवड्याच्या साधारण ३५ वेळा झाल्या. तुम्ही पाहिली त्यातली एक. उरलेल्या वेळी त्याने भाकरी-पिठलं खाल्लं की बिस्किटं खाल्ली, हे तुम्हाला माहीत नाही. "सारखं बाहेरचंच चारतात" असं म्हणायला जी माहिती लागते ती फक्त त्या घराकडे असते, तीही आठवडाभर सगळं वहीत लिहून काढलं तरच. जी घरं खरंच असं लिहून काढतात, त्यांना दचकवणारी गोष्ट बहुधा बर्गर नसते.

ती असते दुधात घालायची चॉकलेटी पावडर. डब्याच्या मागची बाजू वाचा. बऱ्याच पावडरींमध्ये १०० ग्रॅममागे ३० ते ४० ग्रॅम साखर असते. दिवसातून दोन कप, प्रत्येक कपात २० ग्रॅम पावडर धरली तर तेरा-चौदा ग्रॅम साखर तिथेच झाली. वर आजी प्रत्येक कपात एक चमचा साखर घालते, ते १० ग्रॅम. सोबत ३० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटं, त्यांत साधारण पाव हिस्सा साखर. एकूण तीस ग्रॅम झाली, आणि मुलाने अजून बाहेरचं काहीच खाल्लेलं नाही. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज साधारण १७०० किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्यातला १० टक्क्यांपेक्षा कमी भाग वरच्या साखरेतून यावा, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवता आला तर आणखी चांगलं. म्हणजे कमाल ४२ ग्रॅम, शक्यतो २१. आपल्या हिशेबातलं घर त्या २१ च्या पुढे रोज जातं, बाहेरचा एक घासही न खाता. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं. तरी आपल्या घरांत ती अजून पौष्टिकच समजली जातात, आणि ती देणाऱ्या आईला कुणी नावं ठेवत नाही.

कोलाचंही असंच. ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या पुढे साखर असते, चहाचे सहा-सात चमचे. म्हणून कुणी विचारलं की मुलाचं एकच काय बंद करू, तर उत्तर आहे: रोजचं गोड पेय. पंधरा दिवसांतून एकदा खाल्लेला बर्गर हा त्याच्यानंतरचा विषय.

याचा अर्थ फास्ट फूड निरुपद्रवी आहे असा कुणी काढू नये. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं गेलं. दोन्हीकडे वाढलेल्या अन्नातली ऊर्जा, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसं दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाऊन गेली, आणि वेगानेही खात होती. मऊ पाव, मऊ टिक्की, चावायला काही नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ लागतो आणि तोवर ताट संपलेलं असतं. भाकरी चावावी लागते, पावाला ते कष्ट नाहीत. रोज असं खाणाऱ्या मुलाच्या पोटात डाळ, पालेभाजी, अंडं यांना जागाच उरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. जास्त वजनाची मुलं होती ३.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे मुलांचा मोठा प्रश्न डोळ्यांना दिसतच नाही. गुबगुबीत मुलाच्या आईला बोल लावला जातो, आणि शेजारचं काटकुळं, फिकट, वर्गात पेंगणारं मूल 'अंगकाठीच तशी' म्हणून सुटतं. मूल जाड आहे की नाही हेसुद्धा नजरेने ठरत नाही. त्यासाठी उंची, वजन, वय आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे वाढीचे तक्ते लागतात.

आता आई-बाप मुलांना बाहेरचं का देतात ते जवळून बघा.

आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंचं मूल पाच रुपयांच्या वेफर्सची पुडी घेऊन जिन्यात बसलेलं दिसतं. बाई सकाळी सहाला घर सोडतात. मूल साडेबाराला शाळेतून येतं. आठ वर्षांच्या मुलाला गॅस पेटवू देता येत नाही. फ्रीज नाही. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत सकाळी केलेली डाळ दुपारपर्यंत आंबते, भात चिकट होतो, भाजीला वास येतो. पुडी आंबत नाही, कोपऱ्यावर मिळते, मूल एकटं फोडून खाऊ शकतं. त्या आईने उपलब्ध गोष्टींतली सगळ्यात सुरक्षित गोष्ट निवडलेली आहे. तिला 'घरचं ताजं द्या' सांगणं निरुपयोगी आहे. तिला उपयोगी पडते ती न आंबणाऱ्या खाण्याची यादी: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, राजगिऱ्याची वडी, केळं, दुधात कणीक भिजवून केलेली कोरडी दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या. नुसत्या ३० ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि त्या वयाच्या मुलाची दिवसाची गरज २३ ग्रॅम आहे. एक काळजी मात्र घ्या: चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे फुटाणे किंवा शेंगदाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. त्यांना दाण्याचं कूट किंवा फुटाण्याचं पीठ गुळात कालवून द्या.

दुसरं घर बदलापूरचं किंवा विरारचं. आई-बाप दोघं लोकलने मुंबईला जातात, रात्री साडेआठला घरी पोचतात. मुलाला भूक लागते सहाला. या घराचा सगळा आहार संध्याकाळी सहा ते सात या एका तासात बिघडतो. जेवण काय आहे याने तिथे फारसा फरक पडत नाही, कारण ते येईपर्यंत मुलाने नूडल्स आणि बिस्किटांवर पोट भरलेलं असतं. उपाय म्हणजे सहाचं खाणंच जेवण समजायचं आणि रात्रीचं हलकं ठेवायचं. सकाळीच तीन घावन घालून होत नसतील तर मोड आलेली मटकी उकडून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवली, सोबत उकडलेली दोन अंडी ठेवली, तरी पुष्कळ झालं.

आणि नूडल्सच होणार असतील, तर नीट करा. ७० ग्रॅमच्या वडीला दोन कप पाणी घ्या. पाणी उकळलं की आधी अर्धी वाटी मटार आणि अगदी बारीक किसलेलं गाजर तीन-चार मिनिटं शिजू द्या, मग वडी टाका. मसाला पहिल्या वेळी दोन तृतीयांश, दोन-तीन वेळांनी अर्धा. शेवटच्या मिनिटाला गॅस बारीक करून फेटलेलं अंडं धारेने सोडा, दहा सेकंद हात लावू नका, मग हलवा. लगेच ढवळलं तर अंडं पाण्यात विरघळून सगळं गढूळ होतं आणि मूल तोंड फिरवतं. अंडं चालत नसेल तर ३० ग्रॅम पनीर कुस्करून. चुकतं कुठे? पहिल्याच दिवशी मसाला पूर्ण फेकला जातो. मुलाला चव बदललेली लगेच कळते आणि मग ते तुम्ही केलेल्या कशावरही विश्वास ठेवत नाही. ढोबळी मिरचीचे मोठे तुकडे घातले की ते एकेक वेचून ताटाच्या कडेला लागतात. आणि मसाला अर्धा केला म्हणजे मीठ अर्धं झालं असंही नाही, वडीतही मीठ असतंच. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं. त्याला अडीचने गुणा. ७०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे पावणेदोन ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम, मुलाची त्याहून कमी. त्यामुळे नूडल्सच्या दिवशी पापड, लोणचं, फरसाण नको.

तिसरं घर सगळ्यांत एकटं पडतं. काही मुलं चार-पाचच पदार्थ खातात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये हे बरंच दिसतं, पण इतरांतही असतं. एका विशिष्ट दुकानाच्या फ्राइज ती खातात, कारण त्या दरवेळी तशाच लागतात: तोच कुरकुरीतपणा, तोच रंग, तीच लांबी. घरची भाजी रोज वेगळी लागते आणि त्यांना ते सहन होत नाही. अशा मुलाची आई फूड कोर्टात फ्राइज देत असते तेव्हा त्या दिवसातलं त्याने खाल्लेलं ते कदाचित पहिलंच अन्न असतं. तिला 'उपाशी ठेवा, आपोआप खाईल' असं सांगू नका. ही मुलं खरोखर उपाशी राहतात, वजन घटवतात. त्यांना बालरोगतज्ज्ञ आणि खाण्याच्या सवयींवर काम करणारे थेरपिस्ट लागतात.

या तिन्ही घरांत बाप आहे, हेही लक्षात घ्या. फूड कोर्टात बाप मुलाला बर्गर देतो तेव्हा 'किती लाड करतो' असं कौतुक होतं. तोच बर्गर आईने दिला की तिच्या स्वयंपाकघराची चौकशी सुरू होते. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मुलासमोर बोलल्याने. "किती सुटलाय, आई काय घालते रे तुला?" हे वाक्य मावशी प्रेमाने म्हणते. मूल त्यातून शिकतं की आपण खातो ते लपवायचं असतं. मग रॅपर दप्तराच्या खालच्या कप्प्यात सापडतात. पूर्ण बंदीनेही तेच होतं. घरात ज्याला सक्त मनाई आहे, ते मामाकडे गेल्यावर मूल पोट दुखेपर्यंत खातं. 'भाजी संपव, मग चॉकलेट' या सौद्याने चॉकलेट बक्षीस होतं आणि भाजी शिक्षा. त्यापेक्षा काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलाने. नवी भाजी एक चमचाभर, आग्रह न करता, ओळखीच्या पदार्थाशेजारी वाढावी. दहा-पंधरा वेळा ती समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळीच 'याला आवडतच नाही' म्हणून सोडून देतात.

ज्यांना दुसऱ्यांच्या मुलांची खरंच काळजी वाटते, त्यांना करण्यासारखं खूप आहे. शेजारचं मूल संध्याकाळी तुमच्याकडे खेळायला आलं की तुमच्या मुलासोबत त्यालाही थालीपीठ द्या, आणि त्याच्या आईला तसं सांगा, म्हणजे तिचा संध्याकाळचा ताण कमी होईल. वाढदिवसाला कोलाऐवजी ताक किंवा कोकम सरबत ठेवा, कोकममध्ये साखर बेताची. सोसायटीखाली वडे तळणाऱ्या गाडीवरचं तेल बघा. काळपट, घट्ट, कढईच्या कडेला चिकट, आणि वडा सोडल्यावर पसरून न विरणारा फेस येत असेल तर ते तेल निकामी झालेलं आहे. २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. गाडीवाल्याशी चार जणांनी मिळून शांतपणे बोललं तर तो तेल बदलतो. गिऱ्हाईक त्यालाही हवंच असतं.

शाळेकडे वळा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तुमच्या शाळेच्या गेटसमोर काय विकलं जातं? शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी, म्हणजे ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. महाराष्ट्रात त्यात अंडं आलं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचा निधी थांबवला. जिन्यात वेफर्स खाणाऱ्या त्या मुलाच्या ताटातलं ते अंडं होतं. त्यावर किती सोसायटी ग्रुपांवर चर्चा झाली?

पुढच्या पालकसभेत दोन प्रश्न लेखी द्या: कँटीनच्या पदार्थांची यादी कुणी मंजूर केली, आणि ५० मीटरचा नियम शाळा कसा पाळते. अर्जाची पोच घ्या आणि खाली किमान दहा पालकांच्या सह्या असू द्या. त्यांत मुलाला बर्गर देणाऱ्या आईचीही सही घ्या. ती बहुधा सगळ्यांत आधी करेल.