ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन : अंतर आणि वेळ यांविषयी

सप्रेम नमस्कार.

नॉर्वेतील ट्रॉम्सो ते स्वालबार्ड या नॉर्वेच्याच आर्क्टिक द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन हे हवाई अंतर सुमारे 960 किलोमीटर असून विमान 1 तास 40 मिनिटे हवेत असते, असे मी लिहिले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी लावली असता मुंबई–दिल्ली साडेतीन सेंटीमीटर आणि हे अंतर जवळजवळ दहा सेंटीमीटर भरते, तेव्हा ते तीन हजार किलोमीटरांच्या पुढे असले पाहिजे, हा पहिला. आणि 960 खरे मानले तरी ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला एवढा वेळ लागू नये, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसऱ्यात मात्र तथ्य आहे.

आपली पट्टी बरोबर आहे, पण तो नकाशा मर्केटर पद्धतीचा असावा. ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जाणाऱ्या रेखावृत्तांच्या रेषा त्यात समांतर काढतात आणि भूभागांचे आकार बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिण अंतरही त्याच पटीत ताणतात. त्यामुळे ट्रॉम्सोपाशी प्रत्येक किलोमीटर विषुववृत्ताच्या तुलनेत जवळपास तिप्पट आणि लाँगइयरब्येनपाशी पाचपटीच्या आसपास लांब दिसतो, तर मुंबईपाशी हा फरक जाणवतही नाही. हिशेब कागदावर करता येतो. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत साधारण 8.6 अंशांचा फरक आहे आणि एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणजे साडेनऊशेच्या वर. रेखांशांतला साडेतीन अंशांचा फरक विषुववृत्तावर 390 किलोमीटरांच्या घरात गेला असता. तिथे तो जेमतेम शंभर भरतो, आणि मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेचा असल्याने एकूण अंतरात त्याने पाच-सहा किलोमीटरांचीच भर पडते. आपले उत्तर लिहिण्यापूर्वी मी 30 सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पुन्हा खात्री केली : हा मार्ग सव्वादोन सेंटीमीटर भरला आणि मुंबई–दिल्ली पावणेतीनला किंचित कमी. म्हणजे मुंबई–दिल्लीच थोडे लांब.

वेळेबाबत शब्द माझा चुकला. 1 तास 40 मिनिटे हा वेळापत्रकातला वेळ आहे. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा. निव्वळ भागाकार केला तर 68 मिनिटे येतात, परंतु चढताना आणि उतरताना पूर्ण वेग नसतो, धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्यात मिनिटे जातात आणि हिवाळ्यात पंखांवरचे बर्फ काढण्यासाठी गरम द्रव फवारतात, तेव्हा खिडकीच्या काचेवरून नारिंगी ओघळ उतरताना दिसतात. मूळ लेखातले ‘हवेत असते’ हे शब्द मी काढून टाकले आहेत.

ही काटेकोर चौकशी मला मोलाची वाटते, कारण गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र 2008 पासून चालवत असलेल्या ‘हिमाद्री’ या न्यू-ऑलेसुंड येथील भारताच्या आर्क्टिक संशोधन केंद्राकडे जाणारे आपले संशोधक लाँगइयरब्येनमार्गेच जातात. स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे आपसांत पासपोर्ट-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या क्षेत्राबाहेर, असल्याने ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाताना त्यांना ट्रॉम्सोला उतरून पासपोर्ट तपासून घ्यावा लागतो. तो वेळ या 1 तास 40 मिनिटांत धरलेला नाही. त्यापुढचा न्यू-ऑलेसुंडपर्यंतचा टप्पा सुमारे 110 किलोमीटरांचा आहे आणि छोट्या डॉर्नियर विमानाने त्याला साधारण 25 मिनिटे लागतात.