मावशीच्या फोनमागचा ‘शोषक फिल्टर’

रविवारी जुळे सोलापुरात मावशीकडे गेलो, तर तिच्या फोनच्या पाठीवर सोनेरी गोल स्टिकर. साडेतीनशे रुपये दिलेत. “शोषक फिल्टर आहे बाळा, रेडिएशन ओढून घेतो. तू पण घे की लावून.” या स्टिकरचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज आठवडाभरात मला तीन ग्रुपवर आलाय. त्यात म्हटलंय: शास्त्रज्ञांनी ‘ॲब्सॉर्प्टिव्ह मायक्रोवेव्ह फिल्टर’ शोधला, टॉवरमध्ये तोच बसवतात, तेच तंत्र या स्टिकरच्या चिपमध्ये आहे, ९९ टक्के रेडिएशन शोषलं जातं आणि रेंज जराही कमी होत नाही, गरोदर बायकांनी याचंच पेंडंट गळ्यात घालावं. मी इथल्या एका कॉलेजात मायक्रोवेव्ह शिकवतो. मावशीचे पैसे गेल्यावर आता गप्प बसवत नाही.

शोषक फिल्टर असतात, एवढं खरं आहे. साधा बँडपास फिल्टर हवा तो फ्रीक्वेन्सींचा पट्टा पुढे सोडतो आणि नको त्या फ्रीक्वेन्सी आल्या वाटेने परत पाठवतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अरुंद बोळाच्या तोंडाशी लोकांना मागे फिरवलं की ते मागून येणाऱ्यांवर आदळतात, तसंच इथे होतं. परतलेली ऊर्जा सिग्नल मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरला अस्थिर करते, फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या मिक्सर सर्किटमध्ये नको ते सिग्नल तयार करते. शोषक फिल्टरमध्ये या नकोशा फ्रीक्वेन्सींना बाजूला वाट काढून देतात आणि रेझिस्टरमध्ये जिरवतात. तिथे त्यांची उष्णता होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेतल्या मॅथ्यू मॉर्गन यांनी २०११ मध्ये सहलेखकासह अशा परावर्तनरहित फिल्टरांवर शोधनिबंध लिहिला. आज ते बाजारात सुटे मिळतात.

पण तो शोषतो काय? जे नको ते. हवा तो पट्टा शक्य तितका न शोषता पुढे सोडणं, यासाठी तर सगळा खटाटोप. आणि फोनच्या लहरी म्हणजे नेमका तोच हवा असलेला पट्टा! म्हणजे स्टिकरमध्ये खराखुरा शोषक फिल्टर असता, तरी मावशीच्या फोनची लहर त्यातून सुखरूप निघून गेली असती. त्यात फिल्टरला एक टोक सिग्नल आत यायला आणि एक बाहेर जायला लागतं. तो सर्किटमध्ये, सिग्नलच्या वाटेवर बसवतात. फोनच्या पाठीवर चिकटवलेल्या चकतीतून सिग्नल जाणार कुठून?

‘९९ टक्के शोषण, रेंज तीच’ हे वाक्य तर मला सहनच होत नाही. ९९ टक्के शोषलं तर उरतो १ टक्का, म्हणजे सिग्नल शंभरपट कमी, आमच्या भाषेत २० डेसिबेलने खाली. फोन टॉवरशी बोलतो तो याच लहरींनी. त्या शोषल्या तर रेंज जाणारच. मग टॉवर फोनला आवाज वाढवायला सांगतो आणि फोन जास्त ताकदीने लहरी सोडतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांना दिलेला इशारा हाच आहे: असं कवच सिग्नलमध्ये अडथळा आणून फोनला जास्त ताकद वापरायला लावू शकतं, त्यातून रेडिएशन वाढूही शकतं.

सोमवारी मी स्टिकर प्रयोगशाळेत नेला. हातभर अंतरावर दोन अँटेना समोरासमोर ठेवून मधोमध तो धरला. पोचलेला सिग्नल दाखवणारी पडद्यावरची रेषा हलली नाही. त्याच जागी माझा तळहात धरला, तर रेषा लगेच खाली आली. मग ब्लेडने कापून पाहिला. आत कागद, सोनेरी मुलामा, गोंद. रेझिस्टर नाही, फ्रीक्वेन्सी निवडणारा रेझोनेटर नाही, काही नाही.

टॉवरमधले फिल्टर ‘रेडिएशन साठवून रात्री सोडतात’, असंही त्या मेसेजमध्ये आहे. रेझिस्टर काही साठवत नाही, विषय संपला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २ब गटात टाकलं, हे खरं आहे. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, एवढाच. ज्यांना काळजी वाटते त्यांनी इअरफोन लावावा, फोन डोक्यापासून लांब धरावा. अंतराने खरंच फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सगळ्यात वाईट आहे ते पेंडंट. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ‘५जीपासून संरक्षण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या १० वस्तूंबद्दल इशारा दिला. त्यांत गळ्यातल्या माळा होत्या, ब्रेसलेट होतं, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती, एक वस्तू तर लहान मुलांसाठी होती. तपासल्यावर त्या वस्तू स्वतःच किरणोत्सारी निघाल्या. ते आयनीकारक रेडिएशन, फोनच्या लहरींपेक्षा वेगळ्याच जातीचं, डीएनएला इजा करू शकणारं. लोकांनी त्या वापरणं बंद करून सुरक्षित ठेवाव्यात, असं प्राधिकरणाने सांगितलं होतं.

मावशीच्या सुनेला सातवा महिना आहे. तिच्यासाठीही मावशीने असं पेंडंट मागवलं होतं. त्यात काय भरलंय हे माझ्या अँटेनांना कळत नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. म्हणून वहिनीला त्याच संध्याकाळी ते काढायला लावलं. मावशी थोडी रुसली. “एवढे पैसे दिलेत की रे,” म्हणाली. तुमच्या घरात कुणाच्या गळ्यात ते असेल, तर आज काढायला सांगा.