पुढील स्टेशन, नल

ठाण्याच्या दहा नंबरवर वाशी लोकलसाठी धक्के खाणाऱ्यांत कॉम्प्युटरवाले बरेच. ऐरोलीला उतरायचं, दिवसभर जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे, संध्याकाळी परत. आपण रोज एका लिंक्ड लिस्टवरूनच, म्हणजे साखळीसारख्या जोडलेल्या यादीवरूनच, ये-जा करतो, हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही याचं मला नवल वाटतं.

ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. नऊ नोड, म्हणजे साखळीच्या नऊ कड्या. प्रत्येकाला ठाऊक एवढंच, की आपल्या मागे कोण आणि पुढे कोण. घणसोलीला वाशी कुठे म्हणून विचारलंत तर ती म्हणणार, "मला काय माहीत? कोपरखैरण्याला विचारा." (पनवेल गाडी तुर्भ्यानंतर जुईनगरला वळते, तिला मध्ये आणू नका. एका नोडला दोन 'नेक्स्ट' फुटले की त्याचं झाड होतं, आणि झाडावर चढायला वेगळा लेख लागतो.)

आता ॲरेवर, म्हणजे ओळीने मांडलेल्या नंबरी खणांवर, वाढलेला माणूस इथे काय करतो? फॉर लूप लावतो (तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा), आय हा मोजणीचा नंबर शून्यापासून, आणि आत 'लिस्ट डॉट गेट, कंसात आय', म्हणजे आय नंबरचा नोड द्या. दिसायला अगदी सोज्वळ. पण लिंक्ड लिस्टला 'पाचवं स्टेशन' असं काही कळत नाही, दर वेळी टोकापासून मोजत जावं लागतं. म्हणजे हे गृहस्थ ऐरोली बघतात, ठाण्याला परत येतात, रबाळे बघतात, पुन्हा ठाण्याला हजर. जावाने थोडी दया दाखवली आहे: इंडेक्स, म्हणजे मागितलेला नंबर, पहिल्या अर्ध्यात असेल तर ती ठाण्याकडून मोजते, नाहीतर वाशीकडून. तरी नऊ स्टेशनांना १६ उड्या पडतात. गाडीत गप्प बसून राहिलं तर ८. फरक किरकोळ, म्हणून टेस्टिंगमध्ये कुणाला दिसत नाही. १०,००० नोड झाले की उड्या होतात सुमारे अडीच कोटी, बसून राहणाऱ्याच्या मात्र दहा हजारच. मग मीटिंग भरते आणि मोठा सर्व्हर घ्यायचं ठरतं.

गाडीत बसून राहणारा तो इटरेटर. आपण कुठवर आलो हे तो लक्षात ठेवतो. 'हॅजनेक्स्ट' म्हणजे पुढे स्टेशन आहे का, 'नेक्स्ट' म्हणजे चला. २००४ च्या जावा ५ पासून फॉर-ईच लूपमध्ये हाच लपलेला असतो.

स्वतः नोड लिहून व्हाइल लूप फिरवणाऱ्यांची तऱ्हा निराळी. 'चालू डॉट नेक्स्ट नल नाही तोवर' अशी अट घातली की सानपाड्याचं काम होतं आणि वाशीकर डब्यातच राहतात, कारण वाशीचा नेक्स्ट नल, म्हणजे पुढे काहीच नाही. अट हवी 'चालू नल नाही तोवर'. आणि शेवटी 'चालू बरोबर चालू डॉट नेक्स्ट' ही ओळ विसरलात तर गाडी ठाण्यालाच उभी. सीपीयूचा पंखा तेवढा घोंघावतो.

लिस्टचा खरा रुबाब मधे घुसवण्यात. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव सुरू झालं, तेव्हा तुर्भ्याला कळवायची गरज पडली का? ठाणे-दिघा, दिघा-ऐरोली, जाऊन-येऊन चार जोडण्या बदलल्या की झालं. ॲरेलिस्टमध्ये, म्हणजे ॲरेवर उभ्या असलेल्या यादीत, ऐरोलीपासून वाशीपर्यंत सगळ्यांना "जरा सरकून घ्या" म्हणावं लागलं असतं. पण क्रम सांभाळा. एकेरी लिस्टमध्ये, जिथे फक्त पुढचा ठाऊक असतो, आधी ठाण्याचा नेक्स्ट दिघा केलात आणि मग दिघ्याचा नेक्स्ट म्हणून ठाण्याचाच नेक्स्ट उचललात, तर दिघ्याच्या पुढे दिघाच येतं. पुढील स्टेशन दिघा गाव, पुढील स्टेशन दिघा गाव. आणि ऐरोलीकडे दुसरीकडून कुणाचं बोट नसेल, तर गार्बेज कलेक्टर, म्हणजे मेमरीतला बेवारस माल उचलणारा जावाचा झाडूवाला, अर्धी नवी मुंबई झाडून नेतो.

गाळण्याचं दुखणं याहून बेरकी. फॉर-ईच चालू असताना 'लिस्ट डॉट रिमूव्ह' म्हणून रबाळे काढलंत, की पुढच्याच पावलाला कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन ही एरर. लिस्टमध्ये बदलांचा एक मोजणी-आकडा असतो. तो इटरेटरच्या टिपणाशी जुळला नाही की इटरेटर भर गाडीत साखळी ओढतो. हे बरंच म्हणायचं. सानपाडा काढून बघा: इटरेटरचा पुढचा नंबर आठ (ठाणे शून्य धरून), लिस्टची लांबीही आता आठ, त्याला वाटतं प्रवास संपला. एरर नाही, आवाज नाही, वाशीवर प्रक्रियाच नाही! यावर उपाय इटरेटरचंच 'रिमूव्ह', तेही 'नेक्स्ट' नंतर आणि एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलंत तर इल्लीगलस्टेटएक्सेप्शन. जावा ८ पासून 'रिमूव्हइफ' आहे, अट द्या आणि मोकळे व्हा.

एवढं सगळं करून, जावाची लिंक्डलिस्ट ज्यांनी लिहिली त्या जोशुआ ब्लॉक यांनीच आपण ती वापरत नसल्याचं जाहीर सांगून टाकलंय. नोड मेमरीत इतस्ततः पसरलेले, त्यामुळे प्रोसेसरच्या कॅशला, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या छोट्या वेगवान मेमरीला, पुढचा माल आधीच भरून ठेवता येत नाही. बहुतेक कामांना ॲरेलिस्ट पुरते.

इंटरव्ह्यूत मात्र लिस्ट उलटी करून दाखवावीच लागते. वाशी ते ठाणे. तीन व्हेरिएबल: मागचा, चालू, पुढचा. 'पुढचा' आधी हातात धरायचा, मग दिशा फिरवायची. बोर्डसमोर घाम फुटलेला उमेदवार नेमकं उलटं करतो, ठाण्याचा नेक्स्ट आधी फिरवतो. मागचा अजून रिकामाच असतो. ऐरोलीचा धागा सुटला, वाशीचाही सुटला. पुढील स्टेशन, नल.