गाजर गवतावर मीठ ओतण्याआधी

‘बादलीभर पाण्यात दोन किलो मीठ, वाटीभर व्हिनेगर, थोडं भांड्यांचं लिक्विड. संध्याकाळी बुंध्याशी ओता, सकाळी गाजर गवत मुळासकट साफ, पुन्हा उगवणार नाही.’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या आत्याकडे पोचला आणि तिनं कढीपत्त्याच्या आळ्यात तो प्रयोग करूनही टाकला!

मिठात तथ्य आहे, नाइलाजानं मान्य. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत १५ ते २० टक्के मिठाच्या द्रावणाची फवारणी आहे. पण ती पडीक जागेसाठी, रस्त्याकडेसाठी. जिथे दुसरं काही पिकवायचं नाही तिथे. मेसेजवाल्यानं नेमकं तेवढंच गाळलं, वर फवारायचं सोडून बुंध्याशी ओतायला सांगितलं. मीठ काही हवेत उडून जात नाही. खारट ओलीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. आळं ओलंचिंब आणि झाड तहानलेलं. काळ्या मातीत मिठातला सोडियम साठला की ती आवळते, निचराही बसतो. आत्याच्या कढीपत्त्याची पानं कडेनं तपकिरी पडत चालली आहेत ती उगीच नाही. आता वरची माती खरवडून काढायची आणि आळ्यात भरपूर गोडं पाणी सोडत राहायचं, एवढंच हातात आहे.

‘पुन्हा उगवणार नाही’ ही तर शुद्ध थाप. एकेका झाडाला हजारो बिया येतात, त्या मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतात. पुण्यात १९५५च्या सुमारास या गवताची नोंद झाली, ते अजून हटलेलं नाही आणि हे म्हणे एका रात्रीत हटवणार.

व्हिनेगरनं वरची पानं करपतात, बस्स.

त्याच मेसेजच्या शेपटाला ‘पानांचा रस खरजेवर गुणकारी’ असंही आहे. अहो, याच गवतातल्या पार्थेनिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे लोकांच्या अंगावर चट्टे उठतात, कातडी सोलवटते! खरजेवर हे चोळायचं?

गाजर गवत खायला सोडतात ते मेक्सिकन भुंगे खरोखर त्याचा पाला फस्त करतात, पण पावसाळ्यातच. उन्हाळ्यात ते मातीत दडी मारतात. चार कुंड्यांसाठी कशाला तो खटाटोप?

परसबागेत उपटण्याला पर्याय नाही. पाऊस पडून माती मऊ झाली की, फुलं यायच्या आत, मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला फडकं. दमेकऱ्यांनी हात लावू नये. फुलं नसतील तर खतासाठी खड्ड्यात चालेल. फुलं धरली असतील तर खड्ड्यात अजिबात नको, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर बियाही बागभर पसरतील.