‘मुलांसाठी एकत्र राहा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आपल्यात पूर्वी घटस्फोट नव्हतेच. मुली शिकल्या, कायदे त्यांच्या बाजूचे झाले. आता सहा महिन्यांत मोकळं व्हायचं, नवऱ्याची अर्धी मिळकत घ्यायची, मूलही ठेवून घ्यायचं. भोगतात ती लेकरं. तेव्हा काहीही झालं तरी मुलांसाठी एकत्र राहा.

ज्या घरात रोज रात्री ताटं आपटतात, तिथली बाई हे शेवटचं वाक्य वाचून आणखी काही वर्षं गप्प बसते. म्हणून लिहितेय.

‘पूर्वी नव्हतेच’ असं निदान बडोदेकरांनी तरी म्हणू नये. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो यायला 1947 उजाडलं, आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला 1955 मध्ये. त्याही आधी कितीतरी जातींत काडीमोड होत असे, फारकत होत असे. पांढरपेशा घरांत नव्हती, हे खरं. पण नवऱ्याने टाकलेल्या आत्या-मावश्या तिथेही होत्या, भावाच्या स्वयंपाकघरात जन्म काढणाऱ्या. त्यांची मोजदाद कुणी ठेवली?

सहा महिन्यांची गोष्ट फक्त दोघं राजी असतील तेव्हाची. परस्पर संमतीची सोय 1976 मध्ये कायद्यात आली. त्यातही अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. एकाने नाही म्हटलं, की छळ किंवा सोडून जाणं असं काही पुराव्याने सिद्ध करायचं आणि तारखा मोजत बसायचं.

अर्ध्या मिळकतीचा कायदा, गोवा सोडलं तर, आपल्याकडे नाहीच. कोर्ट पोटगी ठरवतं, तीही दोघांची कमाई आणि गरजा बघून. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालापासून दोघांनाही आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात. हिंदू विवाह कायद्याखाली नवराही पोटगी मागू शकतो. ताब्याचंही तेच: 1956 च्या कायद्यात पहिला नैसर्गिक पालक आजही वडीलच आहेत. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. पण शेवटी कोर्ट बघतं ते मुलाचं हित.

आता लेकरांचं. घटस्फोटाने मुलांना काही होत नाही असं मी म्हणणार नाही. होतं. माझ्याकडे दांडिया बाजारात शिकवणीला एक सातवीतला मुलगा येतो. आईबाप एकत्र होते तेव्हा तास संपला तरी तो उठत नसे, वहीत उगाच रेघा मारत बसायचा. घरी जायचं नसायचं त्याला. आता शनिवारी तो मांजलपूरला वडिलांकडे जातो. कंपासपेटी एका घरी, भूगोलाचं पुस्तक दुसऱ्या घरी. चिडतो, मध्येच रडतोही. पण तास संपला की दप्तर उचलून निघतो.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अमॅटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये नेमका हाच फरक मांडला. सतत कडाक्याची भांडणं असलेल्या घरांतली मुलं आईबाप वेगळे झाल्यावर पुढे तुलनेने बरी निघाली. जिथे वरवर फारसं भांडण नव्हतं, तिथल्या मुलांना मात्र घटस्फोट जास्त लागला. म्हणजे सरसकट ‘राहा’ही चुकीचं आणि सरसकट ‘सोडा’ही. आपल्या घरात काय चाललंय ते आधी बघा.

आणि वेगळं व्हायचंच ठरलं, तर मुलाला निरोप्या करू नका. ‘बाबांना सांग फी भरायला’ हे वाक्य मी त्या पोराच्या तोंडून ऐकलंय. फीचा फोन मोठ्यांनी मोठ्यांना करायचा. आजी-आजोबांनीही त्याच्यासमोर दुसऱ्या घराबद्दल वाईट बोलायचं नाही. संमतीच्या अटी लिहिताना नुसतं ‘भेटीचा हक्क राहील’ लिहून थांबू नका. दिवाळीची सुट्टी कुणाकडे, उतरायणला कुणाच्या गच्चीवर, फी आणि दवाखान्याचा खर्च कुणी किती द्यायचा, आणायला-सोडायला कोण येणार, सगळं लिहून घ्या. मूल मोठं झालं, शाळा बदलली, की ताब्याच्या आणि भेटीच्या अटी बदलून मागता येतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये तशी सोय आहे.