थंडीला टांग

निफाडची थंडी काय असते ते निफाडकरालाच विचारा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात आला की बाकीच्या महाराष्ट्राला गंमत वाटते, आणि इकडे आम्ही पहाटे चारला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत फिरतोय, मणी तडकू नयेत म्हणून. माझे मणके तडकतात त्याचं कुणाला काही नाही.

यंदा धाकटा भाऊ म्हणाला, दादा, बाग मी बघतो, तू आणि वहिनी जा कुठंतरी ऊबेला. मोबाईलवर ती व्हॅनमध्ये संसार थाटलेली पोरंपोरी बघून डोक्यात किडा शिरलेलाच होता. एका शाळेची जुनी व्हॅन स्वस्तात मिळाली, गॅरेजवाल्याने सीटा काढून प्लायवूडचा दिवाण ठोकून दिला, खाली पाण्याचे दोन जार, छोटा सिलेंडर, कुकर, झालं घर. रंग मात्र पिवळाच राहिला आणि मागचं 'सावकाश, मुले आहेत' पण राहिलं. आमची वयं छप्पन्न आणि बावन्न.

ताम्हिणी उतरलो तशी माझी कानटोपी गेली, माणगावला स्वेटर गेला, हरिहरेश्वरला पोचेस्तोवर मी बनियनवर. म्हटलं जिंकलो! बागमांडल्याला जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, गाडी रिव्हर्समध्ये चढवायची होती, खाली खाडीचं पाणी, मागून पोरगा 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडतोय आणि बायको डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणतेय. पलीकडे वेसवीला उतरल्यावरच तिने डोळे उघडले.

केळशीला समुद्राजवळ मुक्काम. (वाळूत रुतलो ते सांगत नाही, ट्रॅक्टरवाल्याने 800 घेतले एवढंच सांगतो.) डास आहेत म्हणून सगळ्या काचा लावल्या. आता दोन माणसं, एक भाताचा कुकर आणि पत्र्याचं छप्पर, यातून काय होतं ते मला रात्री दोनला कळलं. आमचाच श्वास वर जाऊन पत्र्यावर थेंब धरत होता, थेंब घरंगळत एका खिळ्यापाशी यायचा, थोडा थांबायचा, विचार करायचा आणि बरोबर माझ्या नाकावर. कूस बदलली तर कानात. काच उघडली की डास, लावली की पाऊस. आमच्याकडे दव निदान द्राक्षांवर तरी पडतं.

सकाळी सातला दार वाजलं. बाहेर एक बाई, हाताला युनिफॉर्ममधला पोरगा, गळ्यात वॉटरबॅग. "काका, आज इकडनं कसे?" म्हणत तिने त्याला आत चढवलं पण. पोरगा आमच्या दिवाणावर बसला, कुकरकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

बायको म्हणाली अहो, इथं चिकचिक होतेय, जरा वर जाऊ. टपरीवाल्यानेही दापोली सुचवली, हवा छान आहे म्हणे. तिला मिनी महाबळेश्वर म्हणतात हे मला शाळेत असल्यापासून माहीत, पण आठवायला रात्रीचे तीन वाजावे लागले. स्वेटर बॅगेत, बॅग दिवाणाखाली, दिवाणावर आम्ही, आणि उठायची कुणाचीच तयारी नाही. पत्र्याला हात लावला तर फ्रीजचं दार. कृषी विद्यापीठाचा आकडा 9 च्या घरात होता असं सकाळी कळलं. आमचं नशीब बघा, निफाड काय नि दापोली काय, थंडी मोजायला शेतीवाले टपलेलेच.

ज्यांच्या कलमांच्या बागेत गाडी लावली होती ते काका उघड्या अंगाने दात घासत आले, चेहरा असा की घरात लग्न ठरलंय. "काय थंडी पडलीय बघा! मोहोर अडकला होता हो, हापूसला ही हवीच. तुमचा पायगुण."

मी कुडकुडत हात जोडले. त्यांनी आतून दोन गोधड्या आणून दिल्या.

तेवढ्यात भावाचा फोन. "काय दादा, घाम फुटला का नाही?"

गोधडीतून तोंड बाहेर न काढता मी म्हणालो, "फार रे, फार."